एडिंबऱ्याची भुते आणि आरवलीचा वेतोबा

ऑक्टोबरच्या अखेरीस मुलांच्या शाळेला आठवडाभराची सुट्टी असते. त्या सुट्टीत आम्ही पाच जण लीड्सहून रेल्वेने एडिंबऱ्याला गेलो होतो: मी, माझे पती, चौदा वर्षांची लेक, दहा वर्षांचा मुलगा आणि तीन महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आलेल्या माझ्या सासूबाई. दिवसभर किल्ला पाहून झाल्यावर, संध्याकाळी सात वाजता, किल्ल्यासमोरच्या कॅसलहिलच्या उतारावर आम्ही काळा झगा पांघरलेल्या एका वाटाड्या मुलीभोवती आणखी पंधरा-सोळा लोकांसह उभे होतो. जुन्या शहरातील भुताखेतांच्या जागा पायी फिरवून दाखवणारी ही दोन तासांची सहल मुलाने हट्टाने निवडली होती. आईंनी साडीवर दोन स्वेटर, त्यावर कोट, पायांत लोकरीचे मोजे आणि बूट असा जामानिमा केला होता, आणि कानटोपी भुवयांपर्यंत ओढून त्या त्या मुलीकडे एकटक पाहत होत्या.

या सहलीला होकार देताना माझ्या मनात बरीच चलबिचल झाली होती. माझे माहेर साताऱ्याचे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची व्याख्याने आमच्या घरी सर्वांनी ऐकलेली, आणि अंगात येणे, भूत लागणे, करणी या शब्दांना वडील लगेच ‘पुरावा काय?’ असा प्रश्न विचारीत. उलट सासूबाईंचे माहेर वेंगुर्ले तालुक्यातले, शिरोड्याजवळचे. त्यांच्या लेखी प्रत्येक वाडीला राखणदार असतो, देवचाराला त्याचा मान द्यावा लागतो, आणि दिवेलागणीनंतर भलत्या गोष्टींचे नाव घ्यायचे नसते. या दोन घरांच्या मध्ये वाढणाऱ्या मुलांना पैसे मोजून भुते पाहायला नेणे योग्य आहे का, हे मला ठरवता येत नव्हते. आता ती सहल होऊन तीन आठवडे झाले आहेत, आणि मुलांना नेले याचे मला मनापासून समाधान वाटते. त्याचे मुख्य श्रेय त्या वाटाड्या मुलीला आहे.

सुरुवातीलाच तिने एक गोष्ट स्पष्ट केली. प्रत्येक कथेआधी ती सांगणार होती, की ही कथा न्यायालयाच्या आणि नगरपालिकेच्या कागदपत्रांत आहे, की ती केवळ लोकांच्या तोंडी आहे. हा नियम तिने दोन तास काटेकोरपणे पाळला. ऐकणाऱ्यांना घाबरवणे हा तिचा व्यवसाय असूनही तिने असे करावे, हे मला फार मोलाचे वाटले. आणि पहिल्या अर्ध्या तासातच लक्षात आले, की अंगावर काटा आणणाऱ्या जवळजवळ सगळ्या गोष्टी कागदपत्रांतल्याच होत्या.

पहिला थांबा किल्ल्याच्या मोकळ्या पटांगणालगतच्या एका भिंतीपाशी होता. त्या भिंतीत एक लहानसे कारंजे बसवलेले आहे. त्याला ‘चेटकिणींची विहीर’ म्हणतात. त्यात आता पाणी नाही. हातातल्या कंदिलाच्या उजेडात तिने आम्हाला त्यावरचे कोरीवकाम दाखवले: एक शांत चेहरा, एक दुष्ट चेहरा, वेटोळे घातलेला साप आणि फॉक्सग्लोव्हची फुले, ज्या झाडापासून विषही होते आणि हृदयविकारावरचे औषधही. हे कारंजे १८९४ साली जॉन डंकन या चित्रकाराने पॅट्रिक गेडिस यांच्यासाठी घडवले. गेडिस हे नाव ऐकून मी चमकले, कारण हेच गेडिस पुढे मुंबईला आले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात सुरू झालेल्या समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. मुंबईत समाजशास्त्र शिकलेल्या माझ्यासारखीला हे नाव त्या भिंतीपाशी, त्या विषयाच्या संदर्भात भेटावे, याचे मला अप्रूप वाटले.

स्कॉटलंडमध्ये चेटूकविरोधी कायदा १५६३ साली झाला आणि तो १७३६ पर्यंत लागू होता. एडिंबरा विद्यापीठाच्या इतिहाससंशोधकांनी जुनी दप्तरे धुंडाळून या काळातील सुमारे ३,८०० आरोपींची नोंद केली आहे, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. शिक्षा झालेल्यांना बहुधा आधी गळा आवळून मारीत आणि मग जाळीत. अ‍ॅबर्डीन शहराच्या १५९७ सालच्या हिशेबवह्यांत या कामासाठी आणलेली डांबराची पिंपे, कोळसा आणि दोर यांचा खर्च मांडलेला आहे. वाण्याच्या वहीत असावा तसा, रकान्यांत लिहिलेला खर्च. वाटाड्या मुलगी हे सांगत असताना माझी लेक माझ्या दंडाला धरून उभी होती. ती काही बोलली नाही, पण तिची पकड घट्ट झालेली मला कोटाच्या जाड बाहीतूनही जाणवली.

त्यानंतर अ‍ॅग्नेस सॅम्पसनची हकीकत आली. ही वयस्क बाई सुईणीचे काम करी आणि झाडपाल्याची औषधे देई. डेन्मार्कच्या राजकन्येशी विवाह करून परतणाऱ्या सहाव्या जेम्स राजाचे जहाज वादळात सापडले, आणि ते वादळ चेटकिणींनी उठवले, असा आरोप करून अनेक जणांना पकडण्यात आले. राजाने स्वतः तिची उलटतपासणी घेतली. तिला झोपू दिले नाही, तिचे केस कापले, तिचा छळ केला, आणि अखेर तिने कबुली दिली. १५९१ मध्ये कॅसलहिलवरच तिला मारून जाळण्यात आले.

कारंज्याशेजारच्या फलकावर लिहिलेले आहे, की दुष्ट आणि शांत हे दोन चेहरे असे सुचवतात, की काही चेटकिणींनी आपले असामान्य ज्ञान वाईट कामासाठी वापरले, तर काहींविषयी गैरसमज झाला होता. हे वाक्य लेकीने मोठ्याने वाचले आणि तिने विचारले, “म्हणजे ज्यांच्या स्मरणार्थ हे उभारले, त्यांतल्या काही जणी खरोखरच चेटकिणी होत्या, असे यांना अजूनही म्हणायचे आहे का?” वाटाड्या मुलीने सांगितले, की तिला स्वतःलाही तो मजकूर खटकतो, शिवाय तिथे मारल्या गेलेल्या एकाही स्त्रीचे नाव त्यावर नाही. ८ मार्च २०२२ रोजी स्कॉटलंडच्या तत्कालीन फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी तिथल्या संसदेत या स्त्रियांची औपचारिक क्षमा मागितली, हेही तिने आवर्जून सांगितले.

मुलांना तिथेच, रस्त्याच्या कडेला, मी आपल्याकडची गोष्ट सांगितली. नंदुरबार-धुळ्याकडच्या सातपुड्याच्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवून मारहाण करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे, जीवही घेण्याचे प्रकार माझ्या हयातीत घडलेले आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतरच, त्याच वर्षी, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. चारशे वर्षांपूर्वीच्या परक्या देशातील गोष्ट म्हणून मुलांनी हे ऐकून सोडून द्यावे, असे मला वाटत नव्हते. आई आतापर्यंत गप्प होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “आमच्या सुईणीला बाळंतिणीच्या घरून साडी आणि खण मिळायचा.”

तिथून आम्ही रॉयल माइलच्या दगडी रस्त्याने खाली उतरलो. दोन्ही बाजूंना ‘क्लोज’ म्हणतात ते अरुंद बोळ आहेत. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकावे, इतके काही अरुंद, आणि दोन्ही अंगांना सहा-सहा, सात-सात मजल्यांच्या दगडी इमारती. पूर्वी वरून खिडकीतून सांडपाणी आणि मैला खाली फेकीत, हे ऐकून मुलगा फारच खूश झाला आणि पुढचा रस्ताभर वर पाहत चालला.

सहलीचा गाभा होता तो साउथ ब्रिजखालची तळघरे. हा पूल १७८८ मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्याला एकोणीस कमानी आहेत, पण दोन्ही बाजूंनी इमारती उभ्या राहिल्यामुळे काउगेटवरची एकच कमान आज उघडी दिसते; वरून चालणाऱ्याला आपण पुलावर आहोत हे समजतही नाही. उरलेल्या अठरा कमानींच्या पोटात मजले आणि खोल्या काढल्या होत्या. तिथे चांभार, इतर कारागीर आणि दारूची दुकाने होती, व्यापारी आपला माल साठवीत. मात्र बांधताना वरून पाणी झिरपू नये म्हणून जी काळजी घ्यायला हवी होती, ती घेतली गेली नव्हती. काही वर्षांतच छतातून पाणी गळू लागले, माल खराब होऊ लागला, धंदेवाले निघून गेले, आणि ज्यांना शहरात दुसरीकडे कुठेच आसरा नव्हता अशी कुटुंबे त्या अंधारात राहायला आली. खिडकी नाही, वाहते पाणी नाही, चूल पेटवली तर धूर जायला वाट नाही. पुढे ही तळघरे बुजवली गेली आणि विस्मरणात गेली. ती पुन्हा सापडली १९८० च्या दशकात, आणि मग उपसून मोकळी झाली.

आत शिरताना पहिल्यांदा जाणवतो तो वास: ओल्या चुन्याचा, दगडाचा, बंद घराचा. पावसाळ्यानंतर कोकणातली माळ्यावरची खोली उघडावी तसा. पायाखालची जमीन उंचसखल आहे आणि छतातून आजही थेंब पडतात. मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवरचे ओघळ चकाकत होते. शेवटच्या खोलीत आम्हाला भिंतीला पाठ लावून उभे करण्यात आले. वाटाड्या मुलीने आधी बजावले, की आता ती जे सांगणार आहे त्याला कागदाचा कसलाही आधार नाही. या खोलीत येणाऱ्यांनी वर्षानुवर्षे एकाच प्रकारचा अनुभव सांगितला आहे: कोणीतरी गुडघ्यापर्यंतचे जड बूट घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालते. तो कोण, कोणत्या काळातला, कोणालाही माहीत नाही. त्याला नावही वाटाड्यांनीच दिलेले आहे, ‘मिस्टर बूट्स’. एवढे सांगून तिने मेणबत्ती विझवली.

त्या अंधाराविषयी लिहिणे अवघड आहे. शहरात राहणाऱ्या आपल्याला पूर्ण अंधार माहीतच नसतो. कुठेतरी फोनचा, घड्याळाचा, रस्त्यावरचा उजेड असतोच. इथे डोळे उघडे आहेत की मिटलेले, हेही कळत नव्हते. थेंब पडत होता, थांबत होता, पुन्हा पडत होता. आणि अचानक, अगदी जवळून, किण् असा बारीक आवाज आला. पलीकडची एक बाई जोरात किंचाळली, दोन-तीन जणांनी श्वास आत ओढला. मला तो आवाज ओळखू आला, कारण गेली सतरा वर्षे तो माझ्या ओळखीचा आहे: आईंच्या हातातल्या काचेच्या बांगड्यांचा. मुलाने अंधारात त्यांचा हात शोधून धरला होता.

मेणबत्ती पुन्हा पेटल्यावर सगळे हसले, किंचाळलेल्या बाईंनी आईंचा हात हातात घेऊन बांगड्या निरखून पाहिल्या. आईंना मात्र दुसरेच काही विचारायचे होते. त्यांनी मुलाकडून, म्हणजे माझ्या पतींकडून, इंग्रजीत विचारून घेतले, “त्याचे बूट झिजत नाहीत का?”

वाटाड्या मुलीला हा प्रश्न यापूर्वी कोणी विचारला नव्हता. मग आईंनी, एकेक वाक्य थांबून थांबून, तिला आरवलीच्या वेतोबाची गोष्ट सांगितली आणि पतींनी ती भाषांतर करून सांगितली. वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा अधिपती, आणि तोच गावाचा राखणदार. तो रात्री साऱ्या गावाची फेरी करतो, कोणाच्या घरी संकट नाही ना ते पाहतो. नवस फेडणारे त्याला केळ्यांचा घड देतात आणि चामड्याच्या भल्या मोठ्या चपला वाहतात. देवळात त्या ठेवलेल्या असतात, आणि काही दिवसांनी पाहावे तर त्यांचे तळवे झिजलेले असतात, कारण तो त्या घालून फिरलेला असतो. हे सांगताना आईंच्या आवाजात भीती अजिबात नव्हती. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाविषयी सांगावे, तसे त्या सांगत होत्या. त्या मुलीने वेतोबाचे आणि आरवलीचे नाव दोनदा म्हणून घेतले आणि फोनमध्ये टिपून ठेवले.

चपलांच्या झिजलेल्या तळव्यांवर माझा विश्वास नाही, आणि आईंना ते ठाऊक आहे. पण त्या तळघरात एक फरक मला पहिल्यांदाच नीट उमगला. आईंच्या माहेरकडच्या या देवाला पत्ता आहे, नाव आहे, काम आहे, वर्षाचा मान आहे. त्याच्यामुळे रात्री बाहेर पडणाऱ्याला धीर येतो. एडिंबऱ्याच्या तळघरात राहून मेलेल्या माणसांची मात्र नावेही मागे उरली नाहीत, आणि वाटाड्यांनी पुढे त्यांना ‘मिस्टर बूट्स’ म्हटले.

बाहेर आल्यावर लेकीने वाटाड्या मुलीला शास्त्रीय बाजू विचारली, आणि तिला तीही माहीत होती. २००१ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी याच तळघरांत दोनशेहून अधिक स्वयंसेवकांना नेऊन प्रयोग केला. भुताटकीसाठी कुप्रसिद्ध असलेल्या खोल्या कोणत्या, हे त्यांना सांगितलेले नव्हते, तरी विचित्र अनुभव त्याच खोल्यांत जास्त आले. वाइजमन यांच्या मते त्याचा संबंध खोलीची उंची, तिथला उजेड अशा गोष्टींशी होता: जागाच अशी असते की माणसाचे मन सावध होते आणि लहानशा आवाजालाही अर्थ चिकटवते. “आजीच्या बांगड्यांसारखा,” लेक म्हणाली. मला माझ्या वडिलांची आठवण झाली.

शेवटचा टप्पा ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीचा. वाटेत वेस्ट पोर्टच्या दिशेला हात करून तिने बर्क आणि हेअर यांची हकीकत सांगितली. हेअरच्या खानावळवजा घरात राहणारा एक म्हातारा चार पौंड भाडे थकवून मेला, तेव्हा या दोघांनी त्याचे प्रेत रॉबर्ट नॉक्स या शरीरशास्त्राच्या शिक्षकाकडे साडेसात पौंडांना विकले. विच्छेदनासाठी कायद्याने फारच थोडी प्रेते मिळत आणि विद्यार्थी तर पुष्कळ होते. पैसा सोपा आहे हे कळल्यावर वर्षभरात त्यांनी सोळा माणसांचे खून केले. बहुतेक गरीब, परगावचे, कोणी शोधायला येणार नाही असे. हेअर माफीचा साक्षीदार झाला. बर्कला २८ जानेवारी १८२९ रोजी फाशी झाली, त्याच्या प्रेताचे जाहीर विच्छेदन झाले, आणि त्याचा सांगाडा विद्यापीठाच्या संग्रहालयात आजही आहे. नॉक्सवर खटला चालला नाही. मुलगा बराच वेळ हिशेब करीत होता. शेवटी तो म्हणाला, “म्हणजे भाडे वजा जाता साडेतीन पौंडांसाठी हे सुरू झाले.”

दफनभूमीत काही थडग्यांवर लोखंडी पिंजरे आहेत. मुलांना वाटले, आतले काही बाहेर येऊ नये म्हणून ते असावेत; खरे कारण उलट आहे. प्रेतचोरांनी नुकतेच पुरलेले शरीर उकरून नेऊ नये म्हणून नातेवाईक ते बसवीत. बर्क-हेअर प्रकरणानंतर १८३२ मध्ये कायदा बदलला आणि मग हा धंदा संपला. बॉबी नावाच्या इमानी कुत्र्याच्या स्मृतिशिळेपाशी लोकांनी काटक्या ठेवलेल्या होत्या, मुलानेही एक ठेवली.

याच आवारात १६३८ साली राजाच्या धर्मातील हस्तक्षेपाविरुद्ध लोकांनी करारनाम्यावर सह्या केल्या. त्या बाजूने लढणाऱ्यांचा १६७९ मध्ये बॉथवेल ब्रिजच्या लढाईत पराभव झाल्यावर सुमारे बाराशे कैद्यांना लगतच्या मोकळ्या जागेत, उघड्यावर, कित्येक महिने डांबून ठेवले. उरलेल्या अडीचशेच्या आसपास लोकांना गुलाम म्हणून विकण्यासाठी जहाजात भरले. ते ऑर्कनी बेटांजवळ डिसेंबरच्या वादळात फुटले, आणि डेकखाली कोंडलेले बहुतेक जण बुडाले. त्यांचा छळ करणारा सरकारी वकील जॉर्ज मॅकेन्झी काही पावलांवरच घुमटाच्या काळसर समाधीत पुरलेला आहे. १९९८ च्या सुमारास एक बेघर माणूस रात्रीच्या आसऱ्यासाठी त्या समाधीत शिरला, आणि तेव्हापासून मॅकेन्झीचे भूत येणाऱ्यांना ओरखडते, ढकलते, अशी बोलवा आहे. समाधीच्या दारापाशी सगळ्यांनी फोन काढले. मला मात्र ज्याच्याकडे पाहावेसे वाटत होते ते दार दुसरे होते, कैद्यांच्या जागेचे, लोखंडी गजांचे, कुलूप लावलेले.

कोणी मुलांना घेऊन अशा सहलीला जाणार असेल तर माझे मत एवढेच, की दहा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये, आणि अंधारात अंगावर धावून येणारे नट ठेवणाऱ्या सहलीपेक्षा इतिहास सांगणारी निवडावी. आमच्या मुलाला त्या रात्री झोप लागायला वेळ लागला. पण त्याने विचारले ते मॅकेन्झीविषयी नव्हते; जहाजात कोंडलेल्यांना झाकण उघडून बाहेर का येऊ दिले नाही, हे त्याला कळत नव्हते, आणि मलाही त्याला पटेल असे काही सांगता आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आले तेव्हा आई खिडकीशी बसून वेंगुर्ल्याला धाकट्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. तळघर, गळणारे छत, मेणबत्ती, बांगड्या, सारे सांगून झाले होते आणि आता त्या बूटवाल्यापाशी आल्या होत्या.

“तेका थंय कोण चपला दिणा नाय गे,” त्या म्हणाल्या, आणि यंदा घरातून वेतोबाला चपला वाहायच्या राहिल्या आहेत का, ते विचारू लागल्या.